ग्रिल नवं, कोळसा जुना

दिवाळीच्या आधी आमच्याकडे एक मोठा खोका आला. कुरिअरवाल्या पोराने मुरूडहूनच फोन केला, "सर, बाईकवर बसत नाय, तुम्हीच घेऊन जा." मग रिक्षात टाकून आगरदांड्याला आणला. वाटेत तिघांनी विचारलं, डिश अँटेना का? म्हटलं, नाही, शेगडी.

बिलावर मात्र 'चारकोल ग्रिल' लिहिलेलं. किंमत साडेसहा हजार. खरेदी माझी नव्हे, चुलतभावाची. त्याने वाडीत दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्यात. जंगलजेटीने दिघीला आणि तिथून दिवेआगर-श्रीवर्धनला जाणारी मुंबई-पुण्याची मंडळी एक रात्र इथे काढतात. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांचा पहिला प्रश्न असतो, "बार्बेक्यू आहे का?" समुद्र कुठे आहे हे नंतर विचारतात. दोन वर्षं नाही नाही म्हणून भाऊ कंटाळला आणि शेवटी मागवलं. जोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कागद वाचणारा माणूस मीच. पत्रकार असण्याचे असे फायदे असतात.

ही पोस्ट ग्रिल कसं घ्यावं आणि कसं पेटवावं यावर लिहायला घेतली होती. बऱ्याच होमस्टेवाल्या मित्रांनी विचारलं होतं. पण कोळशाची पिशवी फोडली आणि विषय हातातून निसटला. तरी वाचा. ग्रिलचंही सांगतो.

आधी त्या आकाराबद्दल. खाली अर्धा गोळा, वर अर्ध्या गोळ्याचं झाकण, तीन पाय. हा आकार आला कुठून माहितीय? बोयावरून. आपल्या खाडीच्या तोंडाशी बोटींना वाट दाखवायला जो लोखंडी बोया तरंगतो ना, त्यावरून. अमेरिकेत शिकागोजवळ वेबर ब्रदर्स नावाचा पत्र्याचा कारखाना होता, तिथे बोये बनायचे. तिथल्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाला उघड्या शेगडीवर मांस भाजताना वाऱ्याचा त्रास व्हायचा, राख उडून खाण्यात यायची. १९५२ साली त्याने एक बोया मधून कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं, हवेसाठी भोकं पाडली. आज जगभर विकलं जाणारं हे गोल ग्रिल त्याचंच पोर. राजपुरीच्या खाडीवर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट आवडणारच. वाऱ्याची तक्रारही आपली आणि त्याची एकच.

तर, ग्रिल जोडलं. नटबोल्ट अठरा, उरले दोन. पहिल्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या चुका एका दमात करून घेतल्या. नवीन ग्रिल आधी रिकामंच तापवायचं असतं. आत कारखान्याचं तेल, धूळ, पॅकिंगचा वास असतो, तो अर्धा-पाऊण तास चांगल्या विस्तवावर जळून जाऊ द्यायचा. मग जाळी तारेच्या ब्रशने घासायची, तेलाचा बोळा फिरवायचा आणि मगच खाणं ठेवायचं. नवीन बिडाचा तवा घरात आला की आपल्या आया जे करतात तेच. हे कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण पाहुणे बसले होते.

दुसरी चूक रॉकेलची. भावाने जुन्या डब्यातलं रॉकेल शोधून काढलं आणि ओतलं. भडका छान झाला, फोटो त्याहून छान आले. बांगडे मात्र रॉकेलचे झाले. एक बाई ताट बाजूला सारून हळूच म्हणाल्या, "स्मोकी आहे." तिसरी चूक म्हणजे ज्वाळा दिसत असतानाच मासे ठेवले. मासा ज्वाळेवर जळतो, भाजतो तो निखाऱ्यावर. कोळशावर राखेचा पांढुरका थर चढेपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटं, थांबायला हवं. आम्ही सातव्या मिनिटाला ठेवले. कातडी जाळीला, मांस चिमट्याला.

पाहुण्यांना शेवटी अंड्याची पोळी करून घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख काढायला बसलो तेव्हा कोळशाची पिशवी नीट पाहिली. ग्रिलबरोबरच मागवलेली, पाच किलोची. वर ज्वाळांचं चित्र, '१०० टक्के नैसर्गिक', वगैरे. पॅकिंग कुठे झालं ते होतं. कोळसा कुठे पाडला, कोणत्या झाडाचा, कोणी पाडला, काही नाही. रोह्याच्या एका दुकानदाराला विचारलं, तोही हॉटेलांना कोळसा पुरवतो. म्हणाला, "घाटावरून येतो." घाटावर कुठून? "आता ते आपल्याला काय करायचं?"

गेल्या वीस वर्षांत कोळशाची बातमी मी पाच-सहा वेळा तरी केली असेल. सगळ्या एकाच साच्यातल्या. अवैध कोळशाचा टेम्पो पकडला, इतक्या गोणी जप्त, इतके आदिवासी ताब्यात. दोन कॉलम, सोबत टेम्पोचा फोटो. भट्टी कोणाची, पैसे कोणाचे, कोळसा चालला कुणाच्या हॉटेलात, हे मी एकदाही विचारलं नाही. बातमीत जी नावं आली ती फक्त भट्टीवर सापडलेल्या माणसांची. सगळे कातकरी.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच डोंगरांचा आहे.

कातकरी हे नावच धंद्यावरून पडलंय. कात करणारा तो कातकरी. खैराच्या झाडाचा आतला लाल गाभा तासून त्याचे तुकडे मडक्यात उकळायचे, ते पाणी आटवत आटवत घट्ट करायचं, वाळवून वड्या पाडायच्या. विड्यात जो कात पडतो तो हा. कुलाबा, ठाणे, जंजिरा या पट्ट्यातल्या जंगलात हे काम कातकऱ्यांच्या हातात होतं. मग १८७८ चा जंगल कायदा आला. जंगलं राखीव झाली, खैर तोडायला बंदी, आणि ज्या धंद्याने जमातीला नाव दिलं तोच धंदा गुन्हा ठरला. इंग्रजी मुलखात, म्हणजे ठाणे-कुलाब्यात, या बंदीवरून इतका असंतोष झाला की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा जाडजूड अहवाल निघाला. त्याने जंगल परत मिळालं नाही. आपला मुरूडचा भाग तेव्हा जंजिरा संस्थानात. इथे मालक सिद्दी नवाब. आज आपण फणसाड अभयारण्य म्हणून पाहुण्यांना दाखवतो ते जंगल नवाबाच्या शिकारीसाठी राखलेलं होतं. साहेब असो की नवाब, कातकऱ्याला जंगलाबाहेरच ठेवलं.

कात गेला, मग आला कोळसा. मुंबई वाढत होती आणि मुंबईला सरपण लागत होतं. कुलाबा-जंजिऱ्याच्या खाड्यांतून मचवे आणि पडाव भरून जळाऊ लाकूड मुंबईला जायचं. लाकूड जड आणि जागा खाणारं. त्याचाच कोळसा केला की वजन पाचवा-सहावा हिस्सा राहतं आणि किलोमागे आच जवळजवळ दुप्पट. शिवाय धूर नाही, म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतही शेगडी चालते. मुंबईच्या चाळी, इराण्यांची हॉटेलं, धोब्यांच्या इस्त्र्या, सोनारांच्या बागेसऱ्या, सगळ्यांना लाकडी कोळसा हवा होता. जंगलाचे कूप लिलावात ठेकेदार घ्यायचा आणि तोडायला, भट्टी लावायला कातकरी आणायचा. जंगल तेच, झाडं ओळखणारा माणूसही तोच. फक्त आता तो दुसऱ्याच्या मजुरीवर.

दुसऱ्या महायुद्धात तर कोळशावर मोटारी चालल्या. नव्या पिढीला खोटं वाटेल. पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा देशभर बस-लॉऱ्यांच्या मागे लोखंडी टाकी बसवली, त्यात लाकडी कोळसा जाळून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. सकाळी क्लीनरने हँडल मारून विस्तव फुलवायचा, मग गाडी हलायची, चढावर कधी प्रवाशांनी उतरून ढकलायची. जंगलांवर त्या काळात किती कुऱ्हाड चालली असेल याचा अंदाज करा.

आता मला सापडलेली खरी गोष्ट. १९२७ चा भारतीय वन कायदा अजून लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये 'वनोपज' म्हणजे काय याची व्याख्या आहे. त्यात एक यादी अशी आहे की त्या वस्तू जंगलात सापडोत की बाहेरून आणलेल्या असोत, त्या वनोपजच. यादी सुरू होते इमारती लाकडापासून. त्यानंतर लगेच कोळसा. मग रबराचा चीक, आणि त्याच्या पाठोपाठ कात. म्हणजे एका जमातीचे दोन धंदे कायद्याच्या एकाच ओळीत, मध्ये फक्त एक शब्द. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कातकरी नसणार, त्याने मालाची यादी केली. पण ती ओळ मी तीनदा वाचली. पकडलेल्या टेम्पोच्या बातम्या लिहिताना हे कलम मी कितीदा तरी नुसतं आकड्याने छापलं होतं. उघडून वाचलं कधीच नव्हतं.

कातकरी गप्प बसले होते असंही नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात, २५ सप्टेंबरला, उरण तालुक्यात चिरनेरला अक्कादेवीच्या जंगलात गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. दरवर्षी तिथे कार्यक्रम होतो, मीही एकदा गेलोय. भाषणात 'स्वातंत्र्यासाठी बलिदान' असं म्हणतात. बरोबरच आहे ते. पण तो सत्याग्रह जंगलाचा होता, लाकूडफाट्याचा होता, हे भाषणात कमी येतं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पिशवीतले चार कोळसे कागदात बांधले आणि जवळच्या एका आदिवासी वाडीवर गेलो. तिथले एक बाबा माझ्या ओळखीचे. जातीच्या दाखल्याच्या बातमीच्या वेळी भेटले होते. वय सत्तरीच्या पुढे, स्वतःलाही नक्की माहीत नाही. वाडीचं नाव आणि त्यांचं नाव इथे देत नाही, का ते पुढे कळेल.

कोळसा हातात घेतला आणि त्यांनी काय केलं, तर एकावर एक आपटला. टण् असा आवाज आला, काचेसारखा. "हा पिकलेला हाय," म्हणाले. दुसरा आपटला, तो भद् वाजला. मोडून दाखवला, आत तपकिरी. "हा कच्चा. भट्टी घाईत खोलली. हा धूर करंल, डोलं चुरचुरतील." मग वास घेतला, बोटाने कड चोळली. "बाभूल. येडी बाभूल. आपल्या रानाचा नाय हा. आपल्याकडं ऐनाचा व्हायचा, किंजलाचा. जड. रातभर इस्तव राहायचा."

पिशवीवर जे लिहिलं नव्हतं ते बाबांनी एका मिनिटात वाचून दाखवलं. तुमच्यासाठी व्यवहाराची गोष्ट एवढीच, की कोळसा घेताना वाजवून बघा. खणखणीत वाजला, हाताला हलका लागला, मोडल्यावर आत काळा चकाकला तर घ्या. आणि दुकानात मागताना 'लाकडी कोळसा' म्हणा. नुसतं कोळसा म्हटलं तर एखादा दगडी कोळसाही देईल, तो लोहाराच्या भट्टीचा, त्यावर खायचं काही भाजू नका.

मी विचारलं, बाबा, भट्टी लावायचात कशी? ते सांगताना मात्र बसल्या जागी सरळ झाले. लाकूड हातभर तोडायचं, मोठं आत, बारीक बाहेर, गोल रचत यायचं. वर गवत, पाला. त्यावर ओली माती लिंपायची. मधून विस्तव सोडायचा आणि तोंड बंद करायचं, बुडाशी बारीक भोकं ठेवायची. आग लागली पाहिजे पण भडकली नाही पाहिजे. लाकूड जळायचं नाही, आतल्या आत शिजायचं. आठ दिवस, दहा दिवस, भट्टी केवढी त्यावर. रात्री झोपायचं नाही, कारण माती तडकली आणि वारा आत गेला तर सकाळी कोळशाऐवजी राख. धुरावर नजर. पहिला धूर पांढरा दाट, त्यात पाणी असतं. मग पिवळसर, डोळ्याला झोंबणारा. शेवटी निळसर, विरळ. निळा झाला की सगळी भोकं बुजवायची आणि थंड होऊ द्यायचं.

पुस्तकात यालाच कार्बनीकरण म्हणतात, चारशे-पाचशे अंशांवर हवेशिवाय होणारी क्रिया. अमेरिकेत १९२० च्या दशकात हेन्री फोर्डने मोटारीच्या लाकडी भागांचा उरलेला कचरा जाळून, त्यात स्टार्च मिसळून उशीसारखे ठोकळे पाडले आणि आपल्या मोटारीच्या दुकानातून विकले. आज ब्रिकेट म्हणून मिळतात ते हेच. फोर्डचं नाव राहिलं. निळ्या धुराची खूण ओळखणाऱ्यांची नावं आपल्याकडच्या टेम्पोच्या पंचनाम्यात राहिली.

"आता कोण लावतो भट्टी?" मी विचारलं.

"हितं कोण लावंल? रान सरकारचं." मग हाताने वाडीकडे दाखवलं. "दिवाली झाली की बग. कुलपं."

इथे कूप बंद होत गेले. १९८० चा वन संवर्धन कायदा, १९८६ मध्ये फणसाडचं अभयारण्य. जंगल वाचलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. शेकरू, बिबट्या तिथे आहे तो त्यामुळे. पण भट्टी विझली नाही, ती घाटावर गेली. पुणे, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत, माळरानावर जिथे वेडी बाभूळ माजलीय तिथे. झाड फुकट, शेतकऱ्यालाही ते काढून हवंच असतं. आणि ते तोडून, रचून, पाडून द्यायला माणसं रायगडातून जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम येतो आणि उचल देतो. आजारपण, लग्न, घरावरचं प्लास्टिक, कशासाठीही. उचल घेतली की दिवाळीनंतर नवराबायको आणि पोरं टेम्पोत. हिशेब गोणीमागे. लाकूड पुरुषाने तोडायचं, चाळून गोण्या भरायचं काम बाईचं, आणि पोरं जमेल ते. वही मुकादमाकडे. पावसाच्या आधी परत येतात तेव्हा बऱ्याचदा वहीत उचल फिटलेली नसते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तोच टेम्पो. बाबांच्या घरातले तिघे असेच जातात, म्हणून नाव दिलं नाही. पोस्ट मुकादमही वाचतात.

१९७६ पासून देशात वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे. उचल देऊन माणूस बांधून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे आणि असं कर्ज कायद्याने रद्दच ठरतं, फेडायची जबाबदारी उरत नाही. हे वाडीवर सांगितलं तेव्हा बाबांची सून चुलीपाशी होती. ती तिथूनच बोलली, "दादा, कर्ज रद्द झालं, तर पुढच्या पावसात कोन देनार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, बाकी कोलाम आणि माडिया गोंड. घर, शाळा, दाखले, योजना बऱ्याच आहेत कागदावर. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी दळीच्या जमिनींसाठी आयुष्यं घालवली. पण नोव्हेंबर ते मे घराला कुलूप असेल तर योजना पोहोचणार कुणाच्या हातात आणि हजेरीपटावरचं पोर बसणार कुठल्या वर्गात?

आपल्याला वाटतं की बार्बेक्यू हे शहराचं, परदेशातलं फॅड आपल्याकडे आलं. खरं तर शब्द तेवढा परका आहे, कॅरिबियन बेटांवरच्या आदिवासींच्या भाषेतला, लाकडाच्या मांडवाला ते 'बार्बाकोआ' म्हणायचे. बाकी आपण काय कमी भाजलंय? सुके बोंबील निखाऱ्यावर, आणि पोपटी तर आपलीच. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, खडे मीठ, तोंडाला पुन्हा पाला ठासून मडकं उपडं, भोवती जाळ. थेंबभर पाणी नाही. ते मडकं म्हणजे बंद झाकणाचं ग्रिलच की, आणि शिकागोच्या बोयाच्या कितीतरी आधीचं. पाहुण्यांना भावाने आता हिवाळ्यात पोपटीच द्यावी असं माझं मत आहे. तो म्हणतो, त्यांना झाकण उघडून फोटो काढायचा असतो.

म्हणून ग्रिलची जी शिकवणी आम्ही पैसे आणि बांगडे घालवून घेतली ती सांगून टाकतो. रॉकेल, पेट्रोल बिलकुल नको. पत्र्याचा जुना डबा दोन्ही बाजूंनी उघडा करा, बुडापासून चार बोटं वर तारेची जाळी बसवा, खाली कागदाचे बोळे, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत सगळा डबा लालबुंद, फुंकणीही लागत नाही. दुकानात हीच 'चिमणी' म्हणून हजार-बाराशेला मिळते. निखारे ग्रिलच्या एकाच बाजूला ओता, दुसरी बाजू रिकामी ठेवा. मासा आधी निखाऱ्यावर, रंग आला की रिकाम्या बाजूला, झाकण लावून. जाळी आधी चांगली तापू द्या, तेल माशाला लावा, आणि एक बाजू स्वतःहून सुटेपर्यंत हलवू नका. पहिल्यांदा बांगडाच घ्या. तो तेलकट, चूक पोटात घालतो. पापलेट नंतर. खालची झडप म्हणजे गॅसचं बटण समजा, उघडली की आच वाढते, मिटली की कमी. काम झालं की वरखाली दोन्ही झडपा बंद करा, हवा तुटली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो. पावसाळ्यात पिशवी घट्ट बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवा. आपल्या हवेत कोळसा पाणी पितो आणि मग पेटताना तडतड फुटतो.

आणि एक गोष्ट गमतीत घेऊ नका. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी किंवा ग्रिल बंद खोलीत घेऊ नका, पाहुण्यांनाही घेऊ देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. दर हिवाळ्यात कुठून तरी बातमी येतेच.

कोळशाचं काय करायचं, यावर भावाचं आणि माझं भांडण झालं. तो म्हणाला, आपण पाच किलो घेतला नाही म्हणून मुकादम उपाशी मरणार आहे का? बरोबर आहे त्याचं. पण घाऊक विकणाऱ्याला भट्टी कुठली, मजुरी कशी, हे विचारायला काय जातं? मी त्या रोह्याच्या दुकानदाराला पुन्हा फोन केला. त्याने नंबर दिला, त्या नंबरने दुसरा नंबर दिला, तिसरा उचलत नाही. मी सोडलेलं नाही. ज्यांच्याकडे होमस्टे, हॉटेल, ढाबा आहे त्यांनी आपापल्या पुरवठादाराला विचारा आणि मला मेसेजमध्ये कळवा, कमेंटमध्ये नको. या वेळी बातमी टेम्पोची करायची नाहीये. आणि आपल्या तालुक्यातल्या शिक्षकांनो, दिवाळीनंतर तुमच्या हजेरीपटावर किती कातकरी मुलं गैरहजर असतात आणि ती नक्की कुठे आहेत, तेही सांगा.

दरम्यान वाडीतल्या करवंट्या आठवल्या. आपल्याकडे नारळाला तोटा नाही आणि करवंट्या बंबात जातात नाहीतर सडतात. त्यांचा कोळसा उत्तम होतो, कडक आणि बिनधुराचा. मी एकट्याने पत्र्याच्या डब्यात करून पाहिला, अर्धी राख झाली. मग बाबांना बोलावलं, रोजाचे पैसे आधी ठरवून. ते आले, डब्याला हात न लावता अंगणात हातभर खोल खड्डा काढायला सांगितला. करवंट्या पेटवल्या, थोड्या थोड्या टाकत गेले, आणि मग पलीकडे उकिडवे बसून धुराकडे बघत राहिले. मध्ये दोनदा मी पत्रा झाकायला उठलो, दोन्ही वेळा त्यांनी हातानेच थांबवलं. तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाले, "आता निला झाला. टाक पत्रा. वर माती लोट."

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर जवळजवळ दोन घमेली निघाला. त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघितले, माझ्या हातात दिले आणि विचारलं, "ह्याला पन पास लागतो का रं?"